हद्दीच्या दगडासाठी आजऱ्यापर्यंत

लोक काशीला जातात, सिंगापूरला जातात आणि आल्यावर महिनाभर सांगत बसतात. मी गडहिंग्लज आणि आजरा करून आले. तीन दिवसांचा प्रवास. या वयात माझा एवढाच लांबचा प्रवास झाला आणि त्यानं आमचं रान वाचलं, म्हणून लिहिते. मी चौथी शिकले आहे. अक्षर बरं आहे.

का गेले ते आधी सांगते. आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढे आहे. नाव घालत नाही, कारण आमच्या तलाठ्याला वाचायचा नाद आहे. गावाबाहेर आमचं दीड एकर रान आणि त्याला लागून हमीदाचं. हमीदा मुलाण्यांच्या घरची, तिचा नवरा गावातली बकरी-कोंबडी कापायचा. आम्ही बौद्ध. मध्ये हद्दीचा एक काळा दगड आणि त्याच्या ओळीत बांध. दोन्ही घरांची विहीर एकच. पन्नास वर्षं भांडलो, पण विहिरीवर. जमिनीवरून कधी नाही.

दिवाळीच्या सुमाराला उपसरपंचानं मागच्या माळावर प्लॉट पाडले. त्या कामाला जेसीबी आला, बांध सपाट झाला आणि दगड नाहीसा झाला. कुणी उपटला ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून म्हणत नाही. पण उपसरपंच आमच्या पोरांना म्हणाला, "मुलाण्यांचं काम हाय. तुमच्यात घुसायचं हाय त्यांना." आणि मुलाण्यांच्या पोरांना म्हणाला, "त्यांनीच उपटलाय. उद्या सगळं रान आमचं म्हणतील." जेसीबी कुणाचा होता, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. आमच्या पोरांनी निळा झेंडा रोवला, त्यांनी हिरवा. दोन झेंड्यांच्या मध्ये वीस फुटांचा पट्टा राहिला. मग उपसरपंच पुढं झाला. म्हणाला, "भांडणाची जागा दोघांनीबी सोडा. मी मधनं रस्ता काढतो. मिटलं."

तो रस्ता सरळ त्याच्या प्लॉटवर जाणार होता.

मी नाही म्हटलं. मग तलाठ्याकडं गेलं की सर्व्हर बंद. आमच्यापुरताच बंद. वर तो म्हणायचा, "मावशी, तुमची वतनाची जमीन. लई वडाताण करू नका, कागद उघडं पडतील." आमच्या गल्लीचं पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं. शेवटी पोलीस घरी येऊन एक नोटीस देऊन गेला. माझ्याकडून गावाची शांतता भंग होण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलं होतं. मला घराच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं. झेरॉक्सवाली म्हणाली, "सरकारी कागद हाय मावशी, चुरगाळंल," आणि न विचारता लॅमिनेशन करून दिलं.

शुक्रवारी मोजणी ठरली. मोजणीदार आधी फोनवर म्हणाला की तुमच्या हिश्श्यांचा वेगळा नकाशाच नाही, दगडाची मूळ जागा दाखवता आली तर दाखवा, नाहीतर मी वाद आहे असं लिहून जाईन. वाद आहे असं लिहिलं की रस्ता झालाच. दगड रोवला तेव्हा माझे सासरे आणि हमीदाचा नवरा हजर होते. आम्ही बायका घरात. ते दोघेही गेले. उरला तो रोवणारा, यल्लाप्पा वडार. दरवर्षी जात्यांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं दात पाडायला, गावात यायचा. पुढं गडहिंग्लजच्या बाजारात पाटे-वरवंटे घेऊन बसतो असं ऐकलं होतं. मुलगा या भांडणाच्या तारखांना तहसिलात हेलपाटे घालत होता. मी पिशवी भरली.

मंगळवार, गडहिंग्लज

कोल्हापूरच्या स्टँडवर गडहिंग्लजची गाडी भरलेली होती. एका बाईशेजारी जागा दिसली, बसले. बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं. हमीदा.

चार महिने आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं. उठावं म्हटलं तर गाडी सुटलेली. कंडक्टर आला. मी म्हटलं, "गडहिंग्लज." ती म्हणाली, "गडहिंग्लज." तिनं आधार कार्ड दाखवलं. तिला पंचाहत्तर पुरी झालीत, तिला फुकट. मला दोन वर्षं कमी आहेत, मला बायकांचं अर्धं तिकीट. ती खिडकीबाहेर बघून हसली. शाळेत माझी तारीख मास्तरांनी मनानं घातली होती, त्याचा फटका मला अजून बसतो.

निपाणीपर्यंत आम्ही गप्प. मध्येच कर्नाटक लागतं, पाट्या बदलतात, गाडी तीच. उकडायला लागलं तशी मी पिशवीतून नोटीस काढली आणि वारा घ्यायला लागले. लॅमिनेशन केलेला कागद वाऱ्याला फार चांगला. हमीदानं दोनदा बघितलं. मग तिनं आपल्या पिशवीत हात घातला आणि तिची नोटीस काढली. तीही लॅमिनेशन केलेली. तीही वारा घ्यायला लागली. मला हसू आवरेना.

"कुणाकडनं करून घेतलंस?" तिनं विचारलं.

"झेरॉक्सवालीकडनं."

"मलाबी सोडलं न्हाय बघ तिनं." मग जरा थांबून, "यल्लाप्पाकडं चाललीस न्हवं?"

"तू कुठं चाललीस?"

"माझ्या पोरांच्या बाजूनं त्याला आणायला."

"मी माझ्या."

"बरं. जिला आधी घावंल तिचा."

"तुला पळवंल तर पळ की," मी म्हटलं. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.

"पळंन नायतर रांगंन. पर शेवंते, आधी माझं झाकण दे."

हे झाकणाचं जुनं आहे. माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या मोठ्या डेगीचं तांब्याचं झाकण हरवलं. आमच्या घरी एकदा वापरायला आणलं होतं, ते मी परत दिलं होतं. तिच्या मते दिलं नव्हतं. त्याच साली आमचा वरवंटा गेला. सासू मरेपर्यंत म्हणायची की सुनेनं माहेरी नेला. मला वाटायचं हमीदाच्या पोरांनी खेळायला नेऊन विहिरीत टाकला असेल. हे मी तिला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "माझी पोरं चार वर्साची हुती. वरवंटा उचलत हुती व्हय?" संकेश्वर येईपर्यंत आम्ही यावर भांडलो. वेळ बरा गेला.

गडहिंग्लजच्या बाजारात उतरलो तर आधी शिंका. मिरचीचे ढीग लागलेले, लालभडक, आणि बायका त्यात बसून देठ काढत होत्या, एकीला शिंक नाही. आमच्याकडं म्हाताऱ्या बाईला मावशी म्हणतात. इकडं सगळ्या अक्का. मला ते आवडलं. मावशी म्हटलं की लोक काम सांगतात, अक्का म्हटलं की जरा दबून असतात.

पाटे-वरवंटे विकणारी एकच बाई होती. हमीदा पुढं, मी मागं, दोघी एकदमच तिच्यापुढं उभ्या राहिलो. कुणी जिंकलं ते ठरलं नाही.

"यल्लाप्पा? माझा मामाच की त्यो," ती म्हणाली. "आता आजऱ्यात लेकीकडं असतोय. दोघी बहिणी काय तुम्ही?"

"न्हाय," मी म्हटलं.

"वाटतासा. भांडतासा तशाच."

तिनं तिच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आम्हाला दिली, वर खर्डा आणि दही. खर्डा असा की हमीदाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला वाटलं मला दिसलं नाही. एक पाटा घ्या म्हणाली. मी म्हटलं पाटा आहे, वरवंटा नाही. हमीदानं तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या गाडीनं आजरा. माझं तिथं कुणी नव्हतं. स्टँडवर बसून रात्र काढीन म्हटलं, तर हमीदा म्हणाली, "बस की. सकाळी माणसं म्हणतील मुलाण्यांच्या हमीदानं म्हातारीला स्टँडवर टाकली. चल." तिच्या भाचीच्या घरी गेलो. भाचीनं घनसाळ तांदळाचा भात केला होता. भात शिजत होता तेव्हा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. आमच्याकडं भात म्हणजे पोटाला आधार. इकडं त्याला नुसतं मीठ आणि तूप, आणि माणसं न बोलता जेवतात.

बुधवार, आजरा

सकाळी माझं एक मूर्खपण झालं ते सांगायला पाहिजे, कारण पुढं त्याचा संबंध येतो. भाची घरी काजू फोडते. अंगणात कच्च्या बिया वाळत घातलेल्या. आम्ही भुईमुगाची माणसं. शेंग दिसली की दातानं फोडायची, ही आमची लहानपणची सवय. मी एक बी उचलली आणि दाढेखाली धरून कडकन फोडली. भाची ओरडेपर्यंत तेल ओठाला लागलं होतं. त्या टरफलात असलं तेल असतं की कातडी भाजून निघते. त्या बायका हाताला राख आणि तेल चोळून मग फोडायला बसतात. दुपारपर्यंत माझा खालचा ओठ वांग्याएवढा झाला.

"आता तुला नोटिसीची गरज न्हाय," हमीदा म्हणाली. "शांतता आपोआप ऱ्हाईल."

यल्लाप्पाचं घर गावाच्या टोकाला. तो दारात बसून एका जात्याला टाकी लावत होता. पंच्याऐंशीच्या पुढचा असेल. आम्हाला बघून त्यानं हातोडी खाली ठेवली. ओळखलं आधी हमीदाला. मला ओठामुळं नाही ओळखलं.

हमीदा लगेच सुरू झाली, माझ्या बाजूनं चल, खरं काय ते सांग. मी ओठ सावरत तेच म्हटलं. त्यानं दोघींना हातानं गप्प केलं.

"परवा एक पावणं आलतं जीपमधनं," तो म्हणाला. "तुमच्या गावचं. म्हणलं, म्हाताऱ्या, तुला दगडाचं काय आठवत नसंल न्हवं? म्या म्हणलं, न्हाय बा आठवत."

मी त्याच्यापुढं खाली बसले. "खरंच आठवत न्हाय?"

"आठवत न्हाय व्हय! माझ्या हातचा दगड हाय. पर एकट्याला सांगायचं नसतंय. दगड दोन घरांचा. दोन्ही घरं म्होरं हुबी ऱ्हायली तरच वडारानं तोंड उघडायचं. माझ्या बानं शिकिवलंय तसं. तुमच्यातली एकटी आली असती तर तिलाबी हेच सांगितलं असतं, आठवत न्हाय."

हमीदानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. एकमेकींना चुकवून यायला निघालो होतो आम्ही.

"मग सांग की आता. दोघी हाय न्हवं," हमीदा म्हणाली.

"रानात सांगीन. हितं सांगून काय उपेग? दगडाखाली कोळसा असतोय, खापऱ्या असत्यात. कोळसा कुजत न्हाय. आणि दोन घरांनी एकेक वस्तू घातलेली असती. ती ज्याची त्याला ठाव, आणि मला."

मला ठाऊक नव्हतं. हमीदालाही नव्हतं. आमच्या पुरुषांनी आम्हाला सांगायची तसदी घेतली नव्हती.

त्याची लेक लक्ष्मव्वा आतून ऐकत होती. ती बाहेर आली. "अप्पा कुठं जाणार न्हाईत," ती म्हणाली. "जीपवाला जाताना माझ्या मालकाच्या कामाची चौकशी करून गेलाय. कुठल्या खाणीवर असतोय, कोण ठेकेदार. आम्ही हातावरची माणसं. तुमच्या भांडणात आमची चूल इझंल."

तिचं खोटं नव्हतं. तरी पाहुण्या म्हणून तिनं कोंबडी धरली, तेव्हा हमीदा चुळबुळायला लागली. तिला कलमा म्हणून कापलेली लागते आणि त्या वस्तीत तसं कुणी नव्हतं. मी म्हटलं तूच काप. ती उठली, पदर खोचला, सुरी धुतली आणि अशी सफाईनं कापली की यल्लाप्पा बघत राहिला.

"जन्मभर मुलाण्याच्या घरात नांदले," हमीदा म्हणाली, "पर त्यानं एक कोंबडी कापू दिली न्हाय. बायकांचं काम न्हाय म्हणायचा."

लक्ष्मव्वा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. कोंबडी शिजेपर्यंत तिघी चुलीपुढं बसलो आणि आपापल्या सासूचं काढलं. जेवण झाल्यावर यल्लाप्पा नुसता म्हणाला, "लक्ष्मव्वा, माझा दगड उपटलाय." ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "शुक्रवारी सांजंला हितं आणून सोडायचं. दोघींनी. एकटीनं न्हाय."

गुरुवार, परतीची वाट

यल्लाप्पाचं सामान म्हणजे एक टाकी, एक हातोडी आणि पटका. तोही फुकट, हमीदाही फुकट, तिघांत तिकीट एकटीला. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही लेक काय यांची?" ओठ सुजलेला नसता तर त्याला उत्तर दिलं असतं.

गावात तिघं एकदम उतरलो. चौकातली माणसं उठून बघायला लागली. माझा मुलगा समोर आला. "आई, हिच्याबरोबर?" मला नीट बोलता येईना, मी हमीदाकडं बोट केलं. ती म्हणाली, "तुझ्या आईचं त्वांड बंद हाय तवर मी बोलतो. वडार आलाय. ऱ्हाणार कुठं ते ठरवायचं हाय. तुमच्यात जेवू दे, आमच्यात झोपू दे." दोन्हीकडच्या पोरांना हे पटलं नाही, पण मान्य करावं लागलं. दोन घरांपुढं दोन बाजली टाकून पोरं एकमेकांवर पहारा देत बसली. यल्लाप्पा घोरत होता.

शुक्रवार, आमचं रान

मोजणीदार तीन पायांचं यंत्र घेऊन आला. तलाठी आला, दोन पोलीस आले, उपसरपंच पांढऱ्या कपड्यांत आला. त्यानं यल्लाप्पाला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला, मग लगेच हसला. "साहेब, याला स्वतःचं नाव आठवत न्हाय. परवाच इचारलंय."

यल्लाप्पानं त्याच्याकडं बघितलं नाही. तो विहिरीकडं गेला, काठाच्या दगडांवरून बोटं फिरवत चालला. एका दगडावर थांबला. टाकीनं पाडलेल्या तीन रेघा होत्या, शेवाळाखाली. आम्ही दोघींनी त्या दगडावर पन्नास वर्षं घागरी टेकल्या होत्या.

"हितनं चाळीस हात," तो म्हणाला.

"आता पावलं बारीक झाली असतील, बाबा," तलाठी म्हणाला.

"म्हणून तर हातानं मोजायचं. पाय आखूड पडत्यात, हात न्हाय." त्यानं दोरी मागितली, कोपरापासून बोटापर्यंत मोजत चाळीस हात धरली, रेघांच्या रोखानं ताणली. दोरीचं टोक आलं ते ना निळ्या झेंड्यापाशी, ना हिरव्या. आमचा झेंडा त्यांच्यात सात फूट गेला होता, त्यांचा आमच्यात तेरा. माझा मुलगा खाली बघायला लागला. हमीदाचा मोठा ढगांकडं.

"खणा."

आमच्यातल्या एकानं आणि त्यांच्यातल्या एकानं खणलं. हातभर गेले आणि माती काळी निघाली. कोळसा. मग खापऱ्या. उपसरपंच म्हणाला, "कुणीतरी शेकोटी केली असंल." मग पहार कशावर तरी वाजली. माती बाजूला केली तर हिरवं पडलेलं, ताटाएवढं तांबं.

हमीदा खाली बसली. "माझं झाकण!"

तिनं पदरानं पुसलं. कडेला ठोक्यांनी घातलेलं नाव होतं, तिच्या नवऱ्याचं, भांड्यावर घालतात तसं. मोजणीदारानं वाकून वाचलं आणि लिहून घेतलं. झाकणाच्या खाली आमचा वरवंटा होता. मला सासूचे शब्द आठवले. ओठ दुखत होता तरी मोठ्यानं म्हटलं, "माहेरी नेला म्हणत हुती न्हवं!" कुणाला कळलं नाही. हमीदाला कळलं.

"आन् मी पन्नास वर्सं तुझ्या नावानं बोटं मोडली," ती म्हणाली. "माझा म्हातारा रोज ऐकत हुता. एकदा तरी सांगावं? मेला हसत असंल आता."

यल्लाप्पा म्हणाला, "त्यानंच सांगितलंतं मला, बायकोला कळू देऊ नगंस, मारंल."

पोरंसुद्धा हसली. दोन्हीकडची. उपसरपंचाला तेवढ्यात फोन आला आणि तो बोलत बोलत गाडीकडं गेला तो परत आलाच नाही. मोजणीदारानं यंत्र त्या खड्ड्यावर लावलं, हद्द कायम केली, दोन्ही घरांच्या सह्या घेतल्या. वादाची जागा म्हणून काही उरलीच नाही, त्यामुळं रस्ताही उरला नाही.

यल्लाप्पानं सपाट झालेल्या बांधातला एक दगड निवडला आणि घडायला बसला. मग म्हणाला, "त्या दोन वस्तू परत खाली ठेवा."

"मी न्हाय देणार," हमीदा म्हणाली. झाकण तिनं छातीशी धरलं होतं. मीही वरवंटा पिशवीत घातला होता.

"मग दुसरं काय तरी घाला. न कुजणारं."

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि एकदमच पिशवीत हात घातले. तलाठी पुढं येऊन म्हणाला, "अहो, ते सरकारी कागद हाईत!"

"कागद न्हाय," हमीदा म्हणाली. "प्लॅस्टिक हाय. कुजत न्हाय."

मोजणीदार यंत्राचे पाय मिटत होता. त्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. यल्लाप्पानं दोन्ही नोटिसा तोंडाला तोंड लावून खाली ठेवल्या, वर कोळसा टाकला आणि दगड उभा केला. या वेळी बायका हजर होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघी त्याला आजऱ्याला सोडून आलो. लक्ष्मव्वासाठी हमीदानं कोंबडी नेली, मी शेंगदाणे. लक्ष्मव्वाच्या नवऱ्याच्या कामाला अजून कुणी हात लावलेला नाही. लावला तर दोन्ही घरं मिळून आजऱ्याला जाणार आहेत, असं आमच्या पोरांनी आपसात ठरवलंय. तलाठ्याचा सर्व्हर अजून बंद आहे. हमीदाच्या झाकणाला डेग नाही, ती मागंच मोडीत गेली. तरी तिनं ते चिंचेनं घासून दारात टांगलंय. माझा ओठ बरा आहे आणि चटणी वरवंट्यावर होते.

पुढच्या महिन्यात तहसिलात आमची तारीख आहे. मूळ नोटीस घेऊन हजर राहावं, असं नोटिसीतच छापलं होतं, मी वाचलं होतं. साहेबांनी मागितली तर दोघींनी मिळून सांगायचं ठरलं आहे, जागेवर या आणि खणून बघा.